दहा मिनिटं आणि एक चावी

प्रिय बारके,

पत्र बघून हबकू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू ‘बोला बाबा’ म्हणालीस की माझी गाडी पाऊसपाण्यावर येते आणि तिथेच अडते. म्हणून कागद घेतला.

आपला विजेचा प्लांट आहे तसाच आहे. गावातली माणसं अजून त्याला कुंभकर्णच म्हणतात. दिवसभर झोपा काढायच्या आणि संध्याकाळी घराघरांतले दिवे, पंप एकदम लागून वीज कमी पडली, की गॅस देऊन त्याला उठवायचं. मला रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी पाच वाजले की कान तिकडेच. कंट्रोल रूममध्ये तुझ्या जागेवर आलेला गडी गेल्या महिन्यात सोडून गेला. मॅनेजर परवा घरी आले होते. तुला परत यायचं असेल तर महिनाअखेरपर्यंत कळवायला सांगितलंय. तू नाहीच म्हणणार, हे त्यांनाही ठाऊक आहे. आई गेली त्या संध्याकाळपासून तू त्या खुर्चीला शिवली नाहीस.

त्या संध्याकाळी टर्बाइन पहिल्या खेपेला पेटलं नाही. अशा वेळी आत साठलेला गॅस निघून जाईपर्यंत दहा मिनिटं नुसती हवा सोडायची, मगच पुन्हा पेटवायचं, नाहीतर भडका. हे तुझ्याकडून मीच घोकून घेतलं होतं. गावची वीज गेलीय, घरी आईचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलंय, हे तुला कळत होतं. तरी तू घाई केली नाहीस. मॅनेजर सांगत होते, तुझी नजर घड्याळावरून हलली नाही. तुझ्या जागी मी असतो तर सगळे नियम गुंडाळून बटण दाबलं असतं. मला तुझा फार अभिमान वाटला. ते सांगायला मला दोन वर्षं लागली, धन्य आहे माझी.

आता मूळ मुद्दा. वीज गेली तर असावा म्हणून आईच्या पलंगाशी ऑक्सिजनचा जादा सिलिंडर होता. तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं, तो संपला होता. खोटं सांगितलं. सिलिंडर भरलेला होता, तो उघडायची चावी सापडत नव्हती. वर्कशॉपमध्ये एक पाना जागेवर दिसला नाही तर आकाशपाताळ एक करणारा मी! त्या सकाळी परसातला नळ अडकला होता, त्याला तीच चावी नेमकी बसली, म्हणून घेऊन गेलो. संध्याकाळी कपाटं उपसली, गाद्या उलथल्या, परसात धावलो. काखेत कळसा म्हणतात ना, तशी ती माझ्याच पँटच्या खिशात होती. दुसऱ्या दिवशी कपडे भिजवताना हाताला लागली. मी शोधत होतो तेव्हा आई माझ्याकडे बघत होती, बारके. तू तुझ्या दहा मिनिटांना बोल लावत राहिलीस आणि मी लावू दिला. फार वाईट वागलो. चावी या पाकिटात घातली आहे, ती माझी आहे, तुझी नाही. हवं तर माझ्याशी पुन्हा बोलू नकोस. पण मॅनेजरांना फोन कर.

तुझाच,
बाबा