गहिवरून आलं म्हणजे काय

गाझियाबाद, रविवार, मार्च १९९६

आज मी वाईट वागलो. आक्का नागपूरहून आमचा नवा फ्लॅट बघायला पहिल्यांदाच आली. दारावरच्या पाटीवर माझ्या नावापुढे बाबांचं नाव वाचून ती तिथेच थांबली. पाटीवर हात ठेवून रडायला लागली. म्हणाली, "गहिवरून आलं रे, बाळू. बाबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा वाहिल्या."

नेमके आत ऑफिसातले साहेब आणि त्यांची बायको चहाला बसलेले. बाईंनी विचारलं, "दीदी को क्या हुआ?"

गहिवरण्याला हिंदी शब्द सुचला नाही. खरंच सुचला नाही? की विटांचं सांगायची लाज वाटली? मी म्हणालो, "कुछ नहीं, सफर में तबीयत बिगड़ गई."

मग बाईंनी तिला सोफ्यावर आडवं केलं. माझ्या पिंकीने लिंबूपाणी आणलं. आक्काला हिंदी चांगलं कळतं. तरी ती ते लिंबूपाणी प्यायली. सगळं प्यायली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पाहुणे गेल्यावर पिंकी म्हणाली, "पप्पा, गहिवरून येणं म्हणजे चक्कर येणं ना?" दिल्लीकडे वाढलेली पोर, तिने हा शब्द कधी ऐकलाय? मी सांगितलं, "नाही बेटा. मन इतकं भरून येतं, की रडूच येतं."

ती तडक आक्काकडे गेली. "आत्या, अजून गहिवरून येतंय?"

"नाही गं," आक्का म्हणाली. "ते दारातच गेलं."