मामांच्या करड्या कोटाविषयी

आदरणीय मामा,

मनापासून नमस्कार. गुडघा कसा आहे? जिने चढू नका, आणि मामी ओरडली तर तिचंच खरं माना. आमच्याकडे राहिलेल्या तुमच्या कोटाची चौकशी पोचली. त्याकडे वळतेच, पण आधी आईचं ऐका.

आईच्या शिवणखोलीत शुक्रवारी परदेशी खरेदीदार बाई येणार होत्या. पिशव्या पसंत पडल्या तर वर्षभराचं काम, नाही तर पुन्हा लोकांच्या पँटींच्या चेन बदलणं. प्रत्येक वस्तू कशाची बनली, हे त्या हमखास विचारतात. मी ठरवलं, उत्तर आईनेच द्यायचं, तेही इंग्रजीत. (घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीने पुढे मिरवावं आणि आईने मागे उभं राहून मान हलवावी, हे मला मान्य नाही. भाषा ही कुणाची जहागीर आहे का?)

टेबलात लाकूड दिसतं, म्हणून तिथे 'मेड ऑफ'. कागदात ते ओळखू येत नाही, म्हणून 'मेड फ्रॉम'. हे दोन्ही आईने भाजी चिरता चिरता पाठ केलं. एक तयार वस्तू मोडून दुसरी केली की 'मेड आउट ऑफ', इथे मात्र गाडी अडली. तिने ते शेजारच्या काकूंच्या अंबाड्याला लावलं. (आत गंगावन आहे हे आईला माहीत आहे. काकूंना मी अर्थ समजावून सांगितला, ही माझी चूक. त्या अजून बोलत नाहीत.)

"अगं, डोळ्यांसमोर काहीतरी असल्याशिवाय माझ्या डोक्यात शिरत नाही," आई म्हणाली.

"मग घे की एखादी जुनी वस्तू आणि कर तिचं काहीतरी!" मी पुस्तकातून मान वर न काढता म्हटलं.

शुक्रवारी बाईंनी नेमकी करडी पिशवी उचलली आणि प्रश्न केला. आईने माझ्याकडे न बघता अख्खं वाक्य ठणकावून सांगितलं. बाई खळखळून हसल्या. काम मिळालं, मामा! मी मागे उभी राहून नुसती मान हलवत होते.

तुमची लाडकी भाची

ता. क. आईचं वाक्य होतं : 'इट इज मेड आउट ऑफ माय ब्रदर्स कोट.' आतला खिसा तसाच ठेवला आहे. तुमचा चष्मा पुसायचा रुमाल सुखरूप आहे.

आणखी एक. बाईंना अगदी तशाच चाळीस हव्या आहेत. तुमच्या निवृत्त मित्रांपैकी कोट कोण कोण घालतं, ते कळवा. त्यांना इतक्यात काही बोलू नका. आई विचारते, तुमची निळी पँट अजून वापरात आहे का? असली तरी हरकत नाही, ती थांबेल म्हणते.