घरच्या तारखा

६ जून, सोमवार

आजपासून मी कॉलेजात! चौथीत शाळा सुटली ती सुटली, आणि आता बहात्तराव्या वर्षी थेट कॉलेज. झालं असं, की परवा मी दूध गॅसवर ठेवून पुन्हा विसरले. तिसऱ्यांदा. पातेल्याचा पार कोळसा. मुलगा बोटीवर, नातू शिकायला परगावी, आणि सूनबाई कॉलेजच्या ग्रंथालयात ग्रंथपाल. मग मला एकटीला घरात ठेवायचं कोणाच्या भरवशावर? सकाळी म्हणाली, "अहो, आजपासून माझ्याबरोबर चला. एका जागी गप्प बसायचं." ती मला अहोच म्हणते. लग्नाला एकवीस वर्षं झाली, एकदाही आई म्हणाली नाही. असू दे. अंगाला काही भोकं पडत नाहीत त्यानं.

गप्प बसले. पण डोळे कसे गप्प बसणार? पार छतापर्यंत पुस्तकं!

९ जून, गुरुवार

इथे एक शिपाई आहे. वरच्या कपाटांतली पुस्तकं काढून द्यायची म्हणून दिवसभर शिडी घेऊन फिरतो. मी त्याचं नाव शिडीवाला ठेवलंय. पन्नाशीचा असेल, वाळक्या काटकीसारखा. आज सकाळी माझ्यासमोर येऊन उभा. "आजी, कुठे जायचं आज? समुद्रावर, राजवाड्यात की जंगलात?"

म्हटलं, "ने बाबा कुठेही. फक्त घरी नको."

समुद्रावर नेलं. जुन्या जहाजांचा इतिहास. खलाशांना महिनोन्‌महिने ताजं काही खायला मिळायचं नाही, मग हिरड्या सुजून दात पडायचे. मी जिभेनं माझे मोजले. अकरा.

मग चित्रांचं मोठं पुस्तक. एका चित्रात दोन नासपती आणि एक सुरी. बस्स! मी म्हटलं, "एवढा वेळ काढत बसला त्यापेक्षा खाल्ले का नाहीत?" शिडीवाला इतका हसला की सूनबाईनं काचेवर पेन वाजवलं.

१० जून

कवितेचं पुस्तक. ओळी अर्ध्यातच तोडलेल्या, कागदाची नुसती नासाडी! दुपारी पुन्हा वाचलं आणि रडू आलं. का ते विचारू नये.

१४ जून, मंगळवार

पक्ष्यांचं पुस्तक! आधी का नाही दाखवलंस म्हणून शिडीवाल्याला चांगलं झापलं. अगदी वरच्या फळीवर होतं. वजन म्हणाल तर तान्ह्या पोराएवढं. प्रत्येक रंगीत चित्रावर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ कागद. तो उचलायचा, की खाली पक्षी बसलेला!

माझा आवडता खाटीक. मुठीएवढा, गुबगुबीत, डोळ्यांत काजळ घातल्यासारखा काळा पट्टा. गोड म्हणजे किती गोड! खाली लिहिलंय की हा किडे, सरडे, छोटे उंदीरसुद्धा पकडतो आणि काट्यांवर टोचून ठेवतो. मग भूक लागेल तसा येऊन खातो. मी शिडीवाल्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "बघा आजी, चेहऱ्यावरून वाटतं का?"

तो एकोणीस वर्षं इथे रोजंदारीवर आहे. दर वर्षी पुढच्या वर्षी कायम करू म्हणतात. आता मात्र कॉलेजच्या मोठ्या साहेबांनी पक्कं कबूल केलंय, महिनाअखेरीला पत्र. बायकोला सांगून मोकळा झालाय. "कायम झालो की पहिली मागणी नवी शिडी. हिचं एक पाऊल डुगडुगतं."

१७ जून

आज शिक्का हातात! कोणी पुस्तक घरी नेलं की चिठ्ठीवर मारायचा तो. पुस्तकाच्या शेवटच्या पानाला चिठ्ठी डकवलेली असते. बारीक चाकं फिरवली की दिवस, महिना, वर्ष बदलतं. शिडीवाल्यानं शिकवलं. "रोज सकाळी तारीख तुम्हीच लावा आजी. तुमच्या हातून दिवस सुरू होऊ दे." असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं मला. ह्यांनी तर घड्याळाला किल्लीसुद्धा देऊ दिली नाही कधी.

२० जून, सोमवार

वाईट बातमी. कॉलेजला जागा हवी आहे. ज्या पुस्तकाच्या चिठ्ठीवर दहा वर्षांत तारीख पडली नाही, ते कारखान्यात जाणार. तिथे त्याचा लगदा करतात. पुढच्या सोमवारी समिती बसणार.

पक्ष्यांच्या पुस्तकाची चिठ्ठी बघितली. शेवटची तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची. शिडीवाला म्हणाला, "मी लागलो त्या वर्षीची." जहाजं गेली. नासपती गेले. कविताही.

पण मी रोज वाचते ना! मला घरी न्यायची परवानगी नाही म्हणून शिक्का पडत नाही. मग मी वाचलेलं वाचलेलं नाही?

२३ जून, गुरुवार

केलं! सूनबाई डबा खायला गेली, शिडीवाला टपाल आणायला. आजची तारीख कशी मारणार, सगळ्यांना कळेल. मागच्या वर्षांतल्या मारल्या. वेगवेगळ्या तारखा पटकन सुचतात का? मग पाठ असलेल्या घेतल्या. नातवाचा वाढदिवस. ह्यांचं जाणं. सूनबाईचं लग्न, अकरा मे. काल आणि आज, दोन दुपारी मिळून एकतीस पुस्तकं वाचवली. अंगठा जांभळा झालाय, साबणानं जात नाही. हसू मात्र आवरत नाही.

२७ जून

समिती बसली. एकतीसच्या एकतीस जिवंत! इतिहासाचे चष्मेवाले सर मात्र एक चिठ्ठी उजेडात धरून बराच वेळ उभे होते.

२८ जून, मंगळवार

लिहू की नको?

सरांनी शिडीवाल्याला टेबलाशी बोलावलं. "चिठ्ठीवर तारखा, आणि रजिस्टरात एक नोंद नाही! कोणाला देत होतास पुस्तकं बाहेर?"

"कोणालाच नाही साहेब."

"शिक्का कोणाच्या ताब्यात असतो?"

"माझ्याच."

"अकरा मेला कॉलेजला सुटी असते. कुलूप उघडून दिलंस वाटतं?"

त्याचा चेहरा पांढराफटक. एकदम माझ्याकडे वळला. "आजी, तुम्ही रोज इथेच असता. तुम्ही सांगा ना साहेबांना, मी असलं काही करतो का?"

मी अंगठा मुठीत घातला. समोर खाटीक उघडा होता.

म्हटलं, "मला काय कळतंय बाबा. मी चौथी शिकलेली."

तो बघतच राहिला. माझ्या तोंडाकडे, मग मुठीकडे. मग खाली. सूनबाई चिठ्ठ्यांवर मान घालून बसली होती, तिनं मान वर केलीच नाही. सरांनी त्याच्याविरुद्धच्या तक्रारीचा कागद पुढे केला, तिनं सही केली.

२९ जून

मी बोलले असते तर काय झालं असतं? सूनबाईनं मला घरात कोंडून बाहेरून कुलूप लावलं असतं. तो धडधाकट आहे. त्याला कुठेही काम मिळेल. मला या वयात समुद्रावर कोण नेणार?

आणि शिक्का फिरवायला मला शिकवला कोणी? त्यानंच ना!

३० जून, गुरुवार

पत्र आलं. कायम केल्याचं नाही, काढल्याचं. त्यानं शिडी पुसून भिंतीला टेकवली. जाताना माझ्या टेबलाशी थांबला. मला वाटलं आता शिव्या देणार. द्यायला हव्या होत्या. म्हणाला, "आजी, डावं पाऊल डुगडुगतं. कोणी चढलं तर सांगा, खालून धरायला लागतं."

गेला. शिक्क्यावरची तारीख आज कोणी बदललीच नाही. बुधवारचीच चालली.

४ जुलै, सोमवार

नवा माणूस द्यायचा नाही असं ठरलंय. पक्ष्यांचं पुस्तक पुन्हा वरच्या फळीवर. खालून नुसती पाठ दिसते. एकतीस पुस्तकं वाचवली आणि एकालाही हात पोचत नाही! खालच्या फळीवर कायद्याची आहेत. ती उघडून बसले. एकही चित्र नाही.

६ जुलै, बुधवार

दुपारी सगळे गेल्यावर सूनबाईनं शिडी ओढली. मी डावं पाऊल धरलं. ती वर चढली, पक्ष्यांचं पुस्तक काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि शेवटचं पान उघडून माझ्या तारखांवरून बोट फिरवलं.

"सगळ्या घरच्या आहेत, आई. समिती बसायच्या आधीच ओळखल्या होत्या मी."

आई म्हणाली! एकवीस वर्षांत पहिल्यांदा.