तोंड उघडायच्या आत

३ मार्च
चिरंजीवांना आज अडीच वर्षं पूर्ण. शब्द अजून एकही नाही. ‘अं’ म्हणतात, पण तो ‘अं’ फार सुस्पष्ट असतो. कान तपासून झाले, ठणठणीत आहेत. हिला काळजी लागलीय. मला नाही. आमच्या घराण्यात सगळे उशिरा बोलायला लागले आणि मग थांबलेच नाहीत. माझे काका अजून थांबलेले नाहीत.

६ मार्च
स्पीच थेरपीच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी विचारलं, भूक लागली की हा काय करतो? म्हटलं, काही करावं लागत नाही, मी आधीच भरवतो. झोप आली की? थोपटतो. बोलता बोलता मी त्याच्या नाकापुढे रुमाल धरला. मग तो शिंकला. मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. बहुतेक प्रभावित झाल्या.
नंतर म्हणाल्या, मूल बोलतं ते काहीतरी हवं असतं म्हणून, आणि समोरचं माणूस वाट बघतं म्हणून. तुम्ही वाटच बघत नाही. वस्तू दिसेल पण हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि थांबा.
मॅडमना माझं काम माहीत नाही. रेस्टॉरंटमध्ये कॅप्टन आहे, अठरा वर्षं. नव्या वेटरला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो: गेस्टला तोंड उघडावं लागलं की आपण हरलो.
तरी निश्चय केलाय. उद्यापासून थांबणार. थांबायला काय अक्कल लागते?

७ मार्च, सकाळ
बिस्किटांचा डबा फ्रिजवर ठेवला. चिरंजीव खाली उभे. डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी थांबलो. खालचा ओठ जरासा पुढे आला. दिलं.
ही माघार नव्हे. ‘बिस्किट’मधला ‘बि’ ओठांनीच म्हणतात. म्हणजे सुरुवात झालेली आहे.

१० मार्च
आज हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. केळं टेबलावर, पलीकडच्या टोकाला. चिरंजीव खुर्चीत बसले आणि एक बोट वर केलं. हुबेहूब सात नंबर टेबलच्या गेस्टसारखं. मला भान आलं तेव्हा केळं सोलून, काप करून, काट्यासकट प्लेटमध्ये होतं.
हिने सगळं बघितलं. काही बोलली नाही. आता घरात न बोलणारे दोघं.

१५ मार्च
बाकीची कारणं तपासली. टीव्ही? आमच्याकडे बंदच असतो. दोन भाषांचा गोंधळ? घरात एकच आहे, तीही वापरात नाही. सासूबाई फोनवर म्हणाल्या, जावईबापू, त्याच्याशी गप्पा मारा. हे पटलं. नॅपकिनची घडी घालायच्या सगळ्या पद्धती सावकाश समजावल्या. चिरंजीवांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुढे त्यांना जांभई आली, पण त्याआधी मी उशी दिलेली होती.

१९ मार्च
मी ड्युटीवर असताना तो बोलतो, असं ही म्हणते. ‘दे’ म्हणतो, ‘नको’ म्हणतो, ‘अजून’सुद्धा म्हणतो. पंधरा दिवसांपासून ती मुद्दाम थांबते म्हणे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, दुसरं काय. चिरंजीवांना म्हटलं, म्हणा बघू ‘अजून’. त्यांनी आपल्या मोज्याकडे बघितलं. मोजा नीट केला.
मॅडमना फोन केला. त्या खूश. म्हणाल्या, आता खाणंपिणं, कपडे सगळं आईकडे द्या, तुम्ही नुसते खेळा.
म्हणजे मला सेक्शनवरून, माझ्या टेबलांवरून, काढलं. फार वाईट वाटलं. खेळायला बसलो तर पुढचा ठोकळा कुठला हवा तेही मला आधीच कळतं. यात माझी काय चूक?

२२ मार्च
साप्ताहिक सुट्टी. दिवसभर हातांवर बसून राहिलो. मुंग्या आल्या. चिरंजीव माझ्यासमोर चकार शब्द काढत नाहीत. मला बघितलं की निश्चिंत होतात, खुर्चीत टेकून बसतात.
खरं लिहायचं तर भीती वाटते. शाळेत घातल्यावर त्याला काय हवंय हे कोण ओळखणार? आणि बाकी काही नको, एकदा ‘बाबा’ म्हणाला असता. हिला ‘आई’ म्हणतो म्हणे. मी ऐकलेलं नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मग मी करायचं तरी काय?

२६ मार्च, दुपार
ब्रेक शिफ्ट, म्हणजे दुपारी मोकळा, संध्याकाळी पुन्हा ड्युटी. दुपारी घरी आलो तर दाराबाहेरच आवाज ऐकू आला. त्याचा. किल्ली हातातच राहिली. जिन्यावर बसलो आणि ऐकत राहिलो. गाडी गेली. बूट काढ. हे नको. केवढं बोलत होता. डोळ्यांत पाणी आलं, लिहायला लाज कसली.
मग त्याने हाक मारली. ‘बाबा’. अगदी स्वच्छ. ही म्हणाली, बाबा कामावर आहेत, काय सांगायचंय बाबांना? आणि ती थांबली. तो पुन्हा ‘बाबा’ म्हणाला. पुढे काहीतरी येत होतं.
मी दार उघडून आत गेलेलो होतो.
त्याने मला बघितलं, तोंड मिटलं आणि खुर्चीत जाऊन बसला. ही भिंतीला टेकली आणि डोळे मिटून घेतले. तो काय सांगणार होता, कोण जाणे. मी पाणी आणून दिलं. एक घोट घेऊन त्याने ग्लास परत केला. तहान लागलीच नव्हती त्याला.