गोधडीच्या पोटात कार्ड

१ डिसेंबर
घराचा ओटा बायकांनी बळकावला आहे. आमच्या सौ. सुधारानी, शेजारच्या निलम्मा आणि मल्लेश्वरी. राजेश्वर रोडच्या वृद्धाश्रमाला बारा गोधड्या दान द्यायच्यात म्हणे. टाके पाहिले. हुलसूरची बससुद्धा इतकी वळणं घेत नाही. मी चौतीस वर्षं सर्व्हेअर होतो, सरळ रेष मला कळते. तेरावी गोधडी मी करणार.
संक्रांतीनंतर आश्रमात कार्यक्रम आहे. उत्कृष्ट दात्याला शाल. माझ्या निरोप समारंभाला एकच शाल आली होती, ती पाहुण्या साहेबांना घातली. मला शालीचं काही नाही.

४ डिसेंबर, सकाळी ७
ग्राफ पेपरवर प्लॅन तयार. १२० चौकोन, रोज आठ, पंधरा दिवसांत काम फत्ते. कापड माझ्याच जुन्या सफारींचं. बायका गावभर लुगडी मागत फिरतात, त्याला दान म्हणत नाहीत. सौ. म्हणाल्या, टेरिकॉटला ऊब नसती. अडाणीपणा.

९ डिसेंबर
चौकोन तीन. दाभण बोटात घुसलं. दाभणाची क्वालिटी खराब.

१७ डिसेंबर
चौकोन अकरा. बायकांच्या सात गोधड्या झाल्या. नुसती क्वांटिटी. मल्लेश्वरी म्हणाली, अप्पा, कामून जिवाला तरास करून घ्यायलाव, द्या इकडं, दोन दिसात करून देते. मी सांगितलं, दासोह म्हणजे सेवेचं दान, ते दुसऱ्याच्या हातून होत नसतं. ती आपल्या टाक्यांकडे वळली. पटलं असावं.

२ जानेवारी
प्लॅन रिवाइज. चौकोन रद्द. पँटचे पाय उभे फाडून तसेच जोडले. खिसे काढले नाहीत. उलट सोय झाली, म्हातारी माणसं चष्मा ठेवतील.

१३ जानेवारी, भोगी
शेवटचा कोपरा राहिला. निलम्मा तिळाच्या भाकरीचा तुकडा घेऊन आली. रीत आहे म्हणे: कोपरा बंद करायच्या आधी आत घास ठेवायचा, गोधडी उपाशी जाऊ नये. आता गोधडीला जेवण! साफ नकार दिला. त्या जागी माझं कार्ड शिवलं. नाव, हुद्दा, पत्ता, फोन. भाकरी मी खाल्ली.

१६ जानेवारी, संध्याकाळी
कार्यक्रम झाला. शाल एकच आली होती, अध्यक्षांना गेली.
पण माझी गोधडी ज्यांना मिळाली त्या कोंडाबाई, वय ऐंशीच्या पुढं, त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवलं, खिशात हात घातला आणि डोळ्याला पदर लावला. बायकांच्या बारा गोधड्यांना कुणी रडलं नाही. सौं.ना हे दोनदा सांगितलं.

२४ जानेवारी
आश्रमाचे व्यवस्थापक शिवय्या यांचा फोन. कोंडाबाईंना घेऊन उद्या घरी येतायत, काहीतरी द्यायचंय म्हणे. मी ओळखलं. सौं.ना नाश्त्याला चुरमुऱ्यांचा सुशीला करायला सांगितला. दाढी, केस, उरलेली एक सफारी इस्त्रीला.

२५ जानेवारी, दुपारी २
आले. कोंडाबाईंनी गाठोडं सोडलं. आत माझीच गोधडी, सगळी उसवून नव्याने शिवलेली, खाली मऊ लुगडं.
त्या म्हणाल्या, टाके बघितले, म्हणलं ह्या घरात बाई न्हाई. समद्या एकाच माणसाच्या पँटी, म्हणलं त्याला आता नेसायला बी काई ऱ्हायलं नसंल. कोपरा चाचपला तर भाकर न्हाई, कागद. म्हणलं, ज्याच्या घरात गोधडीत घालायला घासभर भाकर न्हाई, त्यानं आपल्याला पांघरूण धाडलं. आमी पाच जणींनी मिळून शिवली. घे लेकरा.
आणि खांद्यावर घातली. शाल घालतात तशी.
तेवढ्यात सुशीलाच्या बशा घेऊन सौ. बाहेर आल्या. कोंडाबाईंनी विचारलं, शेजारीण का गं तू?
सौ. म्हणाल्या, व्हय.
इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

२६ जानेवारी, सकाळी ८
कडाक्याची थंडी. टाके वाकडे आहेत. ऊब आहे. कोपऱ्यात भाकरी हाताला लागते, अर्धी तरी असेल.
घरातल्या शेजारणीने दोनदा विचारलं, द्या ती, उन्हात टाकते. म्हटलं, राहू दे.