कंप्युटरचं कपाळ आणि पिवळा दिवा

ओतूर,
दसऱ्यानंतरचा मंगळवार

सावळेराम व्याही यांना चिमाजीचा हात जोडून रामराम.

बोरीत सगळे खुशाल असतीलच. विहीणबाईंच्या गुडघ्याला उतार पडला का? (आमच्या हिने सांगितलेला निर्गुडीचा शेक बंद करू नका.) होणाऱ्या जावयांना आशीर्वाद. खरं तर हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण काल फोनवर आपण जो आवाज लावलात तो समोरच्या किराणा दुकानातल्या गिऱ्हाइकांनीही ऐकला. पत्रावर कितीही ओरडलं तरी मला ऐकू येत नाही, म्हणून पत्र.

आपलं म्हणणं असं की, तीस वर्षं पंचक्रोशीच्या लग्नपत्रिका छापणाऱ्याला पोटच्या पोरीची पत्रिका छापता येत नसेल, तर आपण ती नारायणगावला छापून घेता. व्याही, तेवढं करू नका. ओतूरच्या बाजारात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. उशीर झाला तो कंप्युटरमुळे, आणि कसा ते सविस्तर सांगतो.

दसऱ्याला आम्ही दुकानातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करतो. कागद कापायच्या मशीनपासून स्टेपलरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. (गेल्या वर्षी त्या भरात मीटर वाचायला आलेल्या माणसालाही लागलं.) कंप्युटरच्या डब्याला कपाळ असं नसतं. बटणाच्या मधोमध एक बारीक दिवा आहे, तेच कपाळ धरून मी ओल्या हळदीचं बोट चांगलं दाबून लावलं. स्क्रीनला झेंडूचा हार घातला, भोवती रंगीत दिव्यांची माळ सोडली. दुसऱ्या दिवशी बटण दाबतो तर स्क्रीन काळा ठिक्कर.

जुन्नरच्या रिजवानला फोन केला. हा कंप्युटर त्याच्याकडूनच घेतलेला, आणि गडी हुशार आहे. तो म्हणाला, "काका, घाबरू नका. कुठं दुखतंय ते मशीन दिव्यावरून सांगतं. बटनाचा दिवा पांढरा हाय का पिवळा?" मी सांगितलं, पिवळाधमक. "मंग सप्लाय न्हाई तर बोर्ड गेला. आन् स्क्रीनकडं काय दिसतंय? लुकलुकतंय का? किती वेळा ते मोजा." मी खुर्ची ओढून मोजायला बसलो. लाल दोनदा, हिरवा तीनदा, मग निळा कडेकडेने पळत जातो आणि शेवटी सगळे एकदम. रिजवानने मला ते पुन्हा एकदा मोजायला लावलं. "काका, आसला फॉल्ट म्या जल्मात पायला न्हाई. डबा घिऊन या." (हे दिवे कोणाचे, असं त्याने विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगायची मला सवय नाही.)

डबा मांडीवर घेऊन एसटीने निघालो. हळदकुंकू पाहून कंडक्टर म्हणाला, "पावणं, कोणता देव म्हनायचा ह्यो?" मी उत्तर देईपर्यंत शेजारच्या बाईने नमस्कार केलासुद्धा. जुन्नरला रिजवानने डबा स्वतःच्या स्क्रीनला जोडला, तर लगेच सुरू! दिवा मात्र पिवळाच. त्याने डबा उघडला, सप्लाय बदलून पाहिला, तासभर घाम गाळला आणि शेवटी वैतागून दिव्यावर अंगठा घासला. दिवा पांढरा झाला, अंगठा पिवळा. त्याने वास घेतला. "काका, ही हळद हाय." मी म्हणालो, दसऱ्याची आहे. त्यावर तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्याचे खांदे बराच वेळ हलत होते.

परत येऊन डबा लावला, तरी स्क्रीन काळाच. आमची ही चहा घेऊन आली, तिने झेंडूचा हार वर उचलला, तर स्क्रीनचा स्वतःचा दिवा लागलेलाच नाही. स्क्रीनची पिन मीच काढली होती, कारण माळेची पिन खोचायला दुसरी जागा नव्हती. "दिव्याखाली अंधार म्हंत्यात त्यो ह्योच," ही म्हणाली. तर व्याही, यंत्रं अशी बेभरवशाची. यात माझा दोष काय, तुम्हीच सांगा.

आता कंप्युटर उत्तम चालतो. नारायणगावचा विचार मनातून काढून टाकावा. घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार. दसऱ्याचं सोनं पत्रासोबत आहे.

आपला,
चिमाजी

ता. क. – पत्रिकेत घालायच्या नावांची आपली यादी (काका, मामा, मेहुणे, आत्याचे यजमान मिळून त्रेसष्ट) कृपा करून पुन्हा पाठवा. दसऱ्याची हळद मी ज्या कागदावर कालवली तो कागद आपल्या यादीचा निघाला. तिसऱ्या नावापासून पुढे सगळं पिवळं आहे. आपल्या थोरल्या मेहुण्यांचं नाव 'रा'ने सुरू होतं एवढं वाचता येतं, पण ते लगेच रुसतात असं आपणच सांगितलं होतं, म्हणून अंदाजाने छापत नाही.

पुन्हा ता. क. – यादी कंप्युटरमध्ये टाईप झाली आहे, असं मी दसऱ्याआधीच्या पंधरा दिवसांत आपल्याला तीनदा सांगितलं, ते खरं नव्हतं. त्या पंधरा दिवसांत कंप्युटर अगदी ठणठणीत होता. मी रोज सकाळी बसायचो, 'चि. सौ. कां. सोनल' एवढं टाईप करायचो, आणि डोळ्यांत हळद जायची. (तेव्हा दुकानात हळद आलेली नव्हती, हे मलाही कळतं.) यादी जरा सावकाश पाठवलीत तरी चालेल.