सगळ्यात वरची सही

साउथ शील्ड्स,
९ फेब्रुवारी १९९९

प्रिय हम्फ्री,

तुझं पत्र आणि मार्मालेडच्या दोन बरण्या मिळाल्या. डोरीनला सांग, छान झालंय. इथे वारा बोचरा आहे, माझा गुडघा तसाच. बाकी ठीक.

ठीक कसलं म्हणा. काल चौकशीला जाऊन आले. "जाऊ नकोस मॉड, उगीच त्रास होईल," असं तू म्हणाला होतास. मला वेडीला वाटलं, माझ्या काळजीने म्हणतोयस.

तिथे बुडालेल्या जहाजाच्या विम्याचा कागद दाखवला. सगळ्यात वर तुझी सही, खाली बाकीच्या विमेवाल्यांच्या. तुझी बघून त्यांनी केल्या म्हणे.

पाच वर्षांपूर्वी हेच जहाज तू परत पाठवलं होतंस. "तळाचे पत्रे बदला, मग या." तेव्हा तुमच्या विम्याच्या बाजारात भांडवल आटलं होतं. पाठीशी पैसा असेल तेवढ्याचाच विमा देता येतो, म्हणून तू पारखून घ्यायचास. मालकाने पत्रे बदलले नाहीत, विम्याशिवाय जहाज इथेच नदीत गंजत पडलं. जन्मभर जहाजांवर काम केलेला माझा नवरा, ॲलेक, मात्र तुझ्यावर खूश. "तुझा भाऊ खडूस आहे, पण त्याची सही म्हणजे जहाज धड," म्हणायचा.

मग गेल्याच्या गेल्या ख्रिसमसला आमच्याच टेबलावर तू म्हणालास, "पैसा इतका आलाय की लावायचा कुठे कळत नाही. मी नाही म्हटलं, तर शेजारचा विमेवाला निम्म्या दरात विमा देतो." सगळे हसले. मीही हसले, तुला बटाटे वाढले.

गेल्या मार्चमध्ये ॲलेकने तुला फोन केला. "त्या जहाजावर सही तुझीच ना?" तू म्हणालास, "माझीच." पत्र्यांचं नावही काढलं नाहीस. "मग झालं," म्हणत त्याने बॅग भरली.

काल तुझा जबाब वाचला. पत्रे बघायला माणूस पाठवला असता तर आठवडा गेला असता, तोवर दुसऱ्या कुणी विमा दिला असता. हम्फ्री, एक आठवडा. ॲलेक धरून अकरा माणसं गेली रे. मालकाला विम्याचे पैसे जहाज बुडाल्यावर नवव्या दिवशी मिळाले.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. ॲलेक त्या जहाजावर जायला कचरत होता. "हम्फ्रीला विचार, मग ठरव," असं मीच त्याला म्हटलं होतं. फोनही मीच लावून दिला.

इस्टरला येणार नाही. उत्तर लिहिलंस तर खाली सही करू नकोस. या घरात ती खरी मानायची सवय होती.

ॲलेकची,
मॉड